ग्रॅहमचे पिवळे कान

माझा हा प्रताप आजवर फक्त मुलीला ठाऊक आहे. पण आता तुम्ही चहाला बसलाच आहात, तर ऐका.

दिवस अगदी साधा होता. इथे परदेशात, आमच्या केलीव्हिलमध्ये लॉकडाउन चालू होता आणि मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे ग्रॅहम येऊन उभा राहिला. हा आमचा नवा शेजारी. स्वतःच्या मुलीमागोमाग इंग्लंडहून आलेला, सत्तरीचा, कपाटाएवढा माणूस. थंडीमुळे कायम लोकरी टोपीत. त्या दिवशी मात्र टोपी हातात होती.

"माझा जुना मित्र गेला, ॲलन," तो म्हणाला. "उद्या इथल्या संध्याकाळी तिकडे इंग्लंडात अंत्यविधी. मी इथून स्क्रीनवर बघणार."

आदल्या वर्षी माझे यजमान आईला भेटायला पुण्याला गेले आणि तिथेच गेले. विमानं बंद. मीही ओट्यावर फोन टेकवून सगळं पाहिलं होतं. एकटीने.

तेवढ्यात माझं त्याच्या कानांकडे लक्ष गेलं. काय कान होते हो! सुजलेले, मुरडलेले, सुक्या अंजिरासारखे!

"दुखतात का?" मी विचारलं.

"हे? जुनं आहे. नो वरीज."

जुनं! म्हणजे किती दिवस अंगावर काढलं असेल याने? घरात एकटा, त्यात हे दुःख, त्यात कान असे. उद्या मित्राचा निरोप तरी त्याला धड ऐकू यायला हवा की नको?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंबेहळद उगाळायला घेतली. ती पुरेना, म्हणून साधी हळद घातली. सढळ हाताने. लेप कोमट केला, वाटी कुंपणावर ठेवली आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकले.

"दोन्ही कानांना लावा," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"भरपूर. आणि सकाळपर्यंत धुवायचं नाही."

"तुमच्यात सगळेच लावतात?"

"अहो, पिढ्यान्पिढ्या!"

त्याने वाटी दोन्ही हातांनी घेतली. डोळे भरून आले त्याचे. मला वाटलं, ठणका लागलाय बिचाऱ्याला.

संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. माझी मुलगी, टूवूंबाला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिला मी मोठ्या अभिमानाने माझा पेशंट सांगितला.

"आई, आडनाव सांग त्याचं." मग टकटक टाइप केल्याचा आवाज. मग खो खो हसणं.

"अगं आई! तो इंग्लंडसाठी रग्बी खेळलाय! गुडघे गेल्यावर खेळ सोडला, मग शाळेत मुलांना शिकवत होता. आणि त्या ढकलाढकलीत वर्षानुवर्षं डोकी घासून कान असे होतात. कायमचे! तुझी हळद म्हणजे काय इस्त्री आहे?"

मी चपला न घालताच कुंपणाशी धावले. उशीर झाला होता. खिडकीतून दिसलं: काळा सूट, काळा टाय, समोर स्क्रीन आणि कान हळदीने लडबडलेले.

सकाळी माफी मागायला गेले. पण तोच आधी बोलला. कान अजून पिवळे.

"वंदना, थँक यू. सगळ्यांनी मला विचारलं, कानांना काय झालं? मी सांगितलं, माझ्या शेजारणीच्या देशात माणूस गेला की त्याच्या मित्रांनी कानांना हळद लावायची असते. पिढ्यान्पिढ्यांची पद्धत आहे."

मी तोंड उघडलं, पण तो थांबेना.

"मग काय, ॲलनच्या आणि माझ्या जुन्या टीममधले, घरूनच बघणारे सगळे म्हातारे उठून आपापल्या किचनमध्ये गेले! कोणाला हळद सापडली, कोणाला करी पावडर. एकाने तर मस्टर्ड थापली! ॲलनची बायको तो गेल्यापासून पहिल्यांदा हसली. आता दर वर्षी लावायचं ठरलंय."

"ग्रॅहम, ऐका जरा. ती हळद खरं तर..."

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी तूही लावली असशील ना?" त्याने हळूच विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी तो वाटी घेऊन कुंपणाशी येतो. ॲलनसाठी तो लावतो, यजमानांसाठी मी. मग दोघं पिवळ्या कानांनी चहा पितो. मुग्धा म्हणते, "आई, सांगून टाक ना त्याला."

मी अजून सांगितलेलं नाही.