परतूरला दुरुस्त झालेलं जपानी गाणं

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर टेंभुर्णीच्या शिवारात संकरित बियाण्याचं काम जोरात होतं. एका हिवाळ्यात बियाणं घेणाऱ्या कंपनीने टोमॅटोच्या प्लॉटवर एक जपानी तज्ज्ञ आणले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. सोबत पुण्याहून आलेली दुभाषी मुलगी. मी तेव्हा औरंगाबादच्या एका दैनिकाला जाफराबाद तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. दोन परिच्छेदांच्या बातमीसाठी प्लॉटवर गेलो आणि नंतरही जात राहिलो, कारण माझी धाकटी बहीण तिथे क्रॉसिंगला, म्हणजे फुलांच्या संकराच्या कामाला, होती.

ती माहेरी येऊन राहिली होती. सासर परतूरचं. दाजींचं स्टेशनच्या रस्त्याला कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने गाणी सांगायची, ती त्यांनी एका कॅसेटवर उतरवायची. दिवाळीला माहेरी येण्यावरून नवराबायकोत वाजलं. दुकानात गर्दी होती आणि ते म्हणाले, "जायचं तर जा, पण आणायला मी येणार न्हाई." ती म्हणाली, "मंग मी बी आपल्या पायानं येणार न्हाई."

आमच्याकडे सासरचं माणूस आणायला आल्याशिवाय लेक परत जात नाही. संक्रांत जवळ आली तरी कुणी आलं नव्हतं. एसटीचा आवाज आला की आई दारापर्यंत जाऊन येई.

क्रॉसिंगचं काम बोटांचं. कळी उमलण्याआधी चिमट्याने उघडून तिच्यातला नराचा भाग काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. बाया परागांना पावडर म्हणत. पावडर ओलसर राहिली तर वाया जाते, म्हणून ती कागदावर पसरून उन्हात वाळवायची, हा त्या जपानी पाहुण्यांचा पहिला धडा होता.

हात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून पाहुणे बांधावर टेपरेकॉर्डर लावत. कॅसेट त्यांच्या बायकोने निघताना भरून दिलेली होती. त्यांच्या तरुणपणी घरोघरी गाजलेली प्रेमगीतं.

"ही गाऊन राह्यली का रडून राह्यली?" एका म्हातारीने विचारलं.

दुभाषी मुलगी हसली. "फलाटावर उभी आहे, मावशी. माणूस गाडीत बसलाय. बाहेर बर्फ पडतोय."

"मंग थांब म्हणती का त्याला?"

"नाही. ती म्हणते, तिकडं थंडी जास्त आहे, मफलर नीट गुंडाळा."

"बस? एवढंच?"

"एवढंच. तीनदा म्हणते."

दुसऱ्या गाण्यात एक बाई चहाचे दोन पेले मांडते आणि एक निवून जातो. तिसऱ्यात छत्री विसरून गेलेल्या माणसाची छत्री रोज पुसून ठेवली जाते. पाहुण्यांनी सांगितलं, या गाण्यांत प्रेम हा शब्द शोधला तर क्वचित सापडेल. हवेबद्दल, चहाबद्दल बोलतात आणि ऐकणाऱ्याला कळतं.

"आपल्यावानीच की," म्हातारी म्हणाली. "माझ्या मालकानं जल्मात एकदा विचारलं, गुडघा कसाय म्हणून. मी चार दिवस लंगडले न्हाई."

बाया हसल्या. बहीण हसली नाही. मफलरचं गाणं लागलं की तिचा चिमटा थांबत असे. शेजारच्या बायांनी ते पाहिलं होतं.

एके दिवशी फवारणीचा पंप सांडला आणि कॅसेट भिजली. पाहुणे प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला होते. म्हातारीने ती टेपमधून काढली, कागद अंथरला आणि पावडरीशेजारी कडक उन्हात ठेवली. शिकवलं होतं तसंच. दुपारपर्यंत कॅसेटचं कवच वाकडं झालं आणि फीत आत अडकली.

पाहुण्यांनी कॅसेट बराच वेळ हातात धरली. मग म्हातारीपुढे किंचित वाकले आणि काही बोलले. दुभाषी म्हणाली, "ते म्हणतात, तुम्ही बरोबर केलं. कुठल्या वस्तूला ऊन द्यायचं नाही, हे त्यांनीच सांगितलं नव्हतं."

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "बायकोनं भरून देल्ती हो त्याला."

तेव्हा बहीण कळीवरची नजर न उचलता म्हणाली, "दादा, परतूरला दे. तिथं नीट होईल."

दिवाळीनंतर तिच्या तोंडी परतूर पहिल्यांदा आलं होतं.

"जालन्याला न्हाईत का गं दुकानं?" पलीकडच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. बहिणीने पुढची कळी धरली.

मी दुसऱ्या दिवशी परतूरला गेलो. दाजींनी "या" म्हटलं, चहा सांगितला आणि कॅसेट घेतली. फीत सोडवून त्यांनी ती नव्या कवचात बसवली, स्क्रू आवळले, यंत्रात घातली. फलाटावरची बाई गाऊ लागली.

"काय म्हणून राह्यली?"

मी सांगितलं. त्यांनी फीत मागे नेली आणि गाणं पुन्हा ऐकलं.

"मंग तो उतरतो का गाडीतून?"

"गाण्यात तरी न्हाई."

त्यांनी यंत्र बंद केलं. काउंटर पुसला. "टेंभुर्णीला थंडी कशी काय?"

"सकाळी लई असते."

"तिचं स्वेटर इथंच राह्यलं."

"देता का? घेऊन जातो."

त्यांनी कॅसेट यंत्रातून काढून हातात घेतली. "न्हाई. कॅसेट पण ठेवा. आवाज जरा हलून राह्यला. मी चालवून बघतो आणि आणून देतो."

मला आवाज स्वच्छ वाटला होता.

घरी आल्यावर बहिणीला निरोप दिला की ते आणून देणार आहेत.

"काय?"

"कॅसेट."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना तिने धुतलेलं लुगडं नेसलं. क्रॉसिंगला बाया जुनेरच नेसत.

दाजी संक्रांतीच्या आत आले. थेट प्लॉटवर. खांद्याला पिशवी, पिशवीतून स्वेटरची बाही दिसत होती. त्यांनी आधी पाहुण्यांना कॅसेट दिली. पाहुण्यांनी ती लावली, डोळे मिटून ऐकली आणि दाजींचा हात दोन्ही हातांत धरला. बाया एकदम कामसू झाल्या. कुणीच वर पाहीना.

दाजी ओळीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. बहिणीने हातातली कळी पूर्ण केली.

"जेवून आलात का?" तिने विचारलं.

"न्हाई."

"उन्हात नका उभं राहू. माझी एवढी ओळ ऱ्हायली."

दुभाषी मुलीने सवयीने हेही पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि टेपचा आवाज थोडा वाढवला.

संध्याकाळच्या एसटीने दोघं गेली. तिच्या अंगात स्वेटर होतं. आई गल्लीत सांगत होती की जावई आणायला आल्ते. दाजी आजही सांगतात की ते कॅसेट द्यायला गेल्ते. बातमीदाराच्या सवयीने दोन्ही बाजू इथे देतो. पडताळणीची गरज मला तेव्हाही वाटली नाही.