आबोलीच्या कुंडीत कोथिंबीर

न्हाय गं बायांनो, फोटो कुठनं टाकू? माझी आबोली गेली.

उमरग्याच्या नणंदेनं वाळल्या शेंगा दिल्या होत्या. त्यांच्यावर पाणी पडलं की ताडकन फुटून बी उडतं. म्या मुद्दाम तिच्याच पदरात ठेवून पाणी शिंपडलं, लई दचकली. एवढ्या बियांतनं माझ्या कुंडीत एकच रोप जगलं.

आज सकाळी सुनेनं ते गवत समजून उपटलं आन् कुंडीत धने टाकले. म्या म्हणलं, "तुला गवत आन् आबोली वळखू येईना, माझ्या लेकाला कसं पसंत केलंस?"

बिचारी रडकुंडीला आली. "आत्या, फुलं देवालाच वाहणार होता ना? मी रोज बाजारातनं गजरा आणीन देवाला."

म्या हसून बरं म्हणलं. आता बी संपलं, नणंदेचं झाडबी उन्हानं वाळलं.

तुमी म्हणाल, विकत घ्या. मालक गेल्यापासनं म्या गजऱ्याला हात लावला की फूलवाली विचारती, "कुणाला?" काय सांगू तिला?

देवाचं नाव म्या उगंच पुढं केलं होतं. ती आबोली म्या माझ्याच केसात माळायला लावली होती.