वैद्यकाकू आणि आमच्या घरातला करंट

वैद्यकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे नाही, भिंतीवरच्या स्विचबोर्डांकडे बघत. मुलुंडला आम्ही घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या सगळ्यांनी हॉलमधल्या टाइल्सचं कौतुक केलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू मात्र तीर्थप्रसाद घेऊन थेट वॉशिंग मशीनच्या मागे डोकावल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या.

"प्लगची तिसरी पिन कुठंय?"

"मी कापली," मी अभिमानाने सांगितलं. "एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचा होता ना."

"मशीनला हात लावला की मुंग्या येतात?"

"थोड्याशा. मेधाला मी रबरी चपला आणून दिल्यात."

मेधा म्हणजे माझी बायको. मी विमा कंपनीत धोक्याचे अंदाज बांधतो, हे तेवढ्यात तिनेच काकूंना सांगितलं. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे चपला पायात आहेत तोवर बायको आहे. असा अंदाज होय रे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा वर्ग घेतला. "पाण्याची टाकी गच्चीवर, म्हणून नळाला दाब. तसा दाब म्हणजे व्होल्टेज. नळ उघडलास की वाहतं, तसा करंट. दाब नुसता असून भागत नाही, वाहायला वाट लागते. तू नळ झालास की संपलं." ऑफिसच्या मीटिंगमध्ये हलवतो तशीच मी मान हलवली. ती मान त्यांनी लगेच ओळखली. "मशीनमध्ये करंट गळला तर त्याने जमिनीत जावं म्हणून तिसरी पिन. ती वाट तू कापलीस. आता तो मेधाला वाट विचारतो."

हे मात्र मला समजलं. काकूंनी अर्थिंग नीट करून घेतलं आणि मीटरजवळ आरसीसीबी बसवायला लावला. करंट कुठेही गळला की घरातली वीज क्षणात तोडणारा हा स्विच. महिनाभर तो गुमान होता. मग रोज सकाळी पडायला लागला, तोही नेमका मी अर्धी दाढी केलेली असताना. मी पडलेला स्विच वर करायचो, तो पुन्हा पडायचा. शेवटी रविवारी मी जाहीर केलं की पीस डिफेक्टिव्ह आहे, इलेक्ट्रिशियनला सांगून तो काढून टाकू आणि वायर थेट जोडू.

माझा आवाज भिंतीपलीकडे गेला असावा. काकू गाऊनवरच आल्या. "पीस तू डिफेक्टिव्ह आहेस. तो बिचारा सांगतोय ते ऐक."

त्यांनी बोर्डावरचे सगळे छोटे स्विच पाडले आणि एकेक वर करत गेल्या. फ्रिज चालू झाला. पंखे चालू झाले. गीझरचा स्विच वर केला आणि घर गप्प झालं.

दुपारी इलेक्ट्रिशियनने गीझर उघडला. आतल्या कॉइलला तडा गेला होता, वीज पाण्यात उतरत होती. खांद्यावर टॉवेल टाकून मेधा बाथरूमच्या दारात उभी होती. धोक्याचे अंदाज बांधणारा माणूस मोरीच्या उंबऱ्यावर खाली बसला. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मेधाला म्हणाल्या, "याला चहा दे गं. साखर जास्त घाल."

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि काकू मुलीकडे नाशिकला निघाल्या. टॅक्सीत बसताना त्यांनी विचारलं, "आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबतोस ना अधूनमधून?"

"दाबतो की."

"खोटं बोलतोस. दाबलं असतंस तर घरातली वीज गेली असती आणि मेधाने तुझी खरडपट्टी काढलेली मला ऐकू आली असती."

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या. मी फोन ठेवला. मग बोर्डापाशी गेलो आणि ते बटण दाबलं. पंखा थांबला, टीव्ही बंद झाला, कुकरजवळ उभी असलेली मेधा अंधारातून म्हणाली, "आता काय केलंस?"

"बघत होतो," मी म्हणालो. "चालू आहे."