लोहाराचा ठोका

लोहार आणि त्याची बायको ऐरणीच्या दोन बाजूंना उभं राहून काम करायचे. तो सांडशीने तापलेलं लोखंड धरायचा आणि घाव जिथे हवा तिथे छोट्या हातोडीने टक्‌ करायचा. हातोडी उचलली की नेमका त्याच जागी तिचा घण पडायचा. मध्ये एक शब्द नाही. "घरात कडाकडा भांडतात, पण ऐरणीवर एकमत," असं शेजारचा सायकलवाला म्हणायचा.

एका इमारतीचं फाटक बसवताना लोहार शिडीवरून पडला. डोक्याची मागची बाजू आपटली. दवाखान्यातून आला तेव्हा चालत होता, जेवत होता, माणसं ओळखत होता. थोडक्यात निभावलं, असंच सगळ्यांना वाटलं.

बायकोला मात्र घरातच शंका यायला लागली. ती नळावरून घागर भरून आणायची, तेवढ्यात हा हवालदिल. "दिवसभर कुठं होतीस?" कधी सबंध दुपार खाटेवर बसून म्हणायचा, "आत्ताच तर टेकलो." बोलताना मध्येच थांबायचा. संपलं असं समजून ती बोलायला लागली की तोही त्याच क्षणी सुरू व्हायचा.

भट्टी पुन्हा पेटवली. त्याने टक्‌ केलं, तिने घण उचलून खाली आणला, आणि हातोडी अजून तिथेच होती. तिने कसाबसा घण बाजूला वळवला. तो जमिनीत रुतला, तिचा खांदा लचकला.

"घाई कशाला करतेस?" तो म्हणाला.

"नेहमीसारखाच मारला हो."

"नाही. हल्ली सगळेच घाई करता."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, मेंदूत वेळेचा अंदाज जिथून येतो तिथेच मार बसलाय. "त्यांना स्वतःचा ठोका बरोबरच वाटतो. थोडं सुधारेल. पहिल्यासारखं होईल, असं म्हणवत नाही."

हे तिने त्याला सांगितलं नाही. तीच त्याच्या हाताकडे बघून घण मारायला लागली. पण एक ठोका रेंगाळायचा, पुढचे दोन घाईने यायचे, आणि तोवर लोखंड गार. एकदा घण त्याच्या बोटाला चाटून गेला. नख काळंनिळं झालं. तिने घण भिंतीला टेकवून ठेवला आणि चुलीपुढे जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

तिचा भाऊ गावाहून आला. घण त्याच्याकडे गेला, सांडशी आणि हातोडी तिच्याकडे. लोहार भाता ओढायला बसला. तो आपणहून तिथे बसला, हेच तिला जास्त लागलं.

महिनाभरात बहीणभावाचा हात बसला. ठोके एकामागोमाग स्वच्छ पडत होते. लोहार मान कलती करून ऐकत होता.

"चुकतंय तुमचं," तो हळूच म्हणाला. "मेळ नाही बसत. आपला कसा बसायचा!"

भाऊ काही बोलणार होता. तिने डोळ्यांनीच त्याला थांबवलं.

"हो," ती म्हणाली, "आपला बसायचा."

आणि तिने लोखंड परत निखाऱ्यात सारलं.