न ओळखलेलं डोकं

अरविंद गेल्याचा मेसेज मीनल वहिनींनी पाठवला. दोनच ओळी. त्यात 'आठ महिने आजारी होते' असे शब्द होते, आणि मला आधी दुःख झालंच नाही, संताप आला. अठरा वर्षं आम्ही परळच्या एका हॉस्पिटलात खुर्चीला खुर्ची लावून काम केलं. हा माणूस आठ महिने आजारी होता आणि मला पत्ता नाही!

आमचं काम मेंदूतल्या वाटा शोधायचं. एमआरआयच्या एका प्रकारात मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेला सरकतं ते कळतं. ते तंतूंच्या कडेने सरकतं, म्हणून त्यावरून तंतूंचे जुडगे पडद्यावर रंगीत धाग्यांसारखे उभे करता येतात. मग सर्जनला सांगायचं, ही बोलण्याची वाट, इथे हात लावू नका. प्रत्येक स्कॅन आम्ही दोघं वेगवेगळा बघायचो आणि मग ताडून घ्यायचो. नाव झाकलेलं, नुसता क्रमांक... ओळखीचा माणूस असला की हात झुकतं माप देतो, असं अरविंदच म्हणायचा. मशीन तपासायला निरोगी डोकं लागलं की तोच आत जाऊन पडायचा. "अस्सल गिरगावातलं आहे, फुकट आहे, वापरा रे!" त्या डोक्याचा नकाशा मी इतक्यांदा काढला होता, की डोळे मिटून काढला असता.

गेल्या मे महिन्यात त्याने एक क्रमांक माझ्याकडे सरकवला. डावीकडे मोठी गाठ, भोवती सूज, सगळं एका बाजूला ढकललेलं. बोलण्याची वाट गाठीपाशी येऊन पार विस्कटली होती.

"काढता येईल?" त्याने विचारलं.

"कसली काढतायत! हा दिवाळीपर्यंत मुका होणार बघ," मी म्हणालो आणि चहा मागवला.

"बरं," तो म्हणाला. चहा प्यायला, माझी चेष्टाही केली.

पुढच्या आठवड्यात त्याने रजा टाकली. कोकणात आईकडे बघायला कोणी नाही, म्हणाला. मी फोन करायचो, तो उचलायचा नाही. उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र. शेवटी मीही म्हटलं, गेलास उडत.

तेराव्यानंतर दादरला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी फाइल पुढे केली. मे महिन्यातला तोच स्कॅन, तोच क्रमांक, खाली माझी सही. कोकणात कोणी गेलंच नव्हतं. आठही महिने तो इथेच होता, माझ्या माटुंग्याच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. त्याला खरं उत्तर हवं होतं, कबूल. पण ते माझ्याच तोंडून, मला अंधारात ठेवून काढून घेतलं त्याने. हा दगाच आहे, आणि मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. स्वतःचीही चीड येते. इतक्यांदा पाहिलेलं डोकं मला ओळखू आलं नाही...

"वहिनी, निदान फोन तरी उचलायचा होता त्याने."

"शब्दच सापडायचे नाहीत हो," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन आला की हातात धरून बसायचे. मी बंद करायला गेले की माझा हात बाजूला सारायचे. वाजू दे, अशी खूण करायचे. थांबला तरी किती वेळ खाली ठेवायचे नाहीत."

तो फोन अजून टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला असतो.

गणपतीनंतर मी फोन करणं सोडून दिलं होतं. तो गेला जानेवारीत.