फौजी बुटाची पट्टी

बायकोला यातलं अर्धं माहीत आहे. पूर्ण मी कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हीच पहिले.

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एका नामवंत तिरंदाज बाईंच्या वस्तू आहेत. तुम्ही त्यांना ओळखता. इथे मी वसुधाताई म्हणतो. मोडका बाण, पाठीवर लावायचा नंबर, घामाचे डाग पडलेली टोपी. वीस वर्षं जमवतोय. हे सगळं खरं आहे. आधीच सांगतो, कारण — कळेलच.

एका मुलाखतीत ताई म्हणाल्या होत्या, की त्यांची पहिली बोटपट्टी — दोरी ओढताना बोटं सोलू नयेत म्हणून घालतात ती — वडिलांनी जुन्या फौजी बुटातून कापून दिली होती. वडील दिल्ली कँटमध्ये हवालदार. पुढे पट्टी बदलीच्या सामानात हरवली. वडीलही गेले.

आमच्या मंडळाच्या गणपतीत माझ्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. सेक्रेटरी म्हणाले, "बाकी ठीक आहे यार, पण काही खास?"

खास. मला ते लागलं. का लागावं? रविवारी मी माझा ऑफिसचा बूट कापला, पट्टी चहात भिजवली, गच्चीवर वाळवली आणि जाड दोऱ्यानं कड शिवली — वाकडी, कारण मला सुई धरता येत नाही. बायको म्हणाली, "अहो, चांगला होता की तो." मी म्हटलं, चावतो. आणि कार्डावर लिहिलं : वसुधाताईंची पहिली बोटपट्टी.

पाहुण्या म्हणून खुद्द ताई येणार, हे मला आदल्या दिवशी कळलं. पट्टी काढून ठेवता आली नसती? आली असती. पण सेक्रेटरींनी ती निमंत्रणावर छापली होती.

ताई आल्या. टोपी बघून हसल्या. पट्टीपाशी थांबल्या. बराच वेळ. मग उचलून नाकाशी नेली — चहाचा वास येईल म्हणून मीच श्वास रोखला. सोबत त्यांच्या आई होत्या. त्यांनी चष्मा लावला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ह्यांचीच आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना कधी सरळ शिवता आलं का?"

दोघी हसता हसता रडायला लागल्या.

"कुठे मिळाली तुम्हाला?" ताईंनी विचारलं. तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पानिपतला. भंगारवाल्याकडे." पानिपतच का? — तोंडात आलं ते.

पट्टी मी त्यांना देऊन टाकली. टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली.

आता ती ताईंच्या घरी, वडिलांच्या फोटोखाली असते. आई रोज सकाळी अंघोळ करून तिला नमस्कार करतात — माझ्या बुटाला. ताईंनी तसं पत्रात लिहिलंय, स्वतःच्या अक्षरात. ते मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. कुणी आलं, की मोठ्यानं वाचून दाखवतो. अगदी सहीपर्यंत.