प्रार्थनेला विषय पाहिजे!

आमच्या बजाजनगरच्या घरात दर गुरुवारी दुपारी प्रार्थना भरते. खोली भरते, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जातो आणि माणसं उठून गेली की मागं किस्से उरतात. चपला ज्याच्या त्याला सापडतात. किस्से माझ्याकडंच पडून राहतात!

सुरुवातीला पास्टर म्हणतात, "प्रार्थनेसाठी विषय द्या." म्हणजे कुणासाठी देवाकडं काय मागायचं ते सांगा. बाहेर ओट्यावर बसून कुणाबद्दल बोललं तर ती चहाडी. इथं डोळे मिटून बोललं की तो विषय!

यंदा सगळ्यांत मोठा विषय माझ्या घरातलाच आहे. नाताळाच्या आधी माझी मुलगी रूथ नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडं आली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. आली त्या दिवसापासून तिला परत कसं पाठवायचं, हेच आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या माणसांनी, मनावर घेतलंय. चहा मात्र माझाच पितात.

•

मार्थामावशी आमच्या शेजारी राहतात. त्या प्रार्थना करताना देवाला पत्ता देतात. एकदा गल्लीतल्या एका पिणाऱ्यासाठी त्यांनी हात वर केले.

"हे स्वर्गीय पित्या, गिरणीच्या मागची दुसरी गल्ली, निळं गेट, वरचा मजला. तिथं तू जा आणि त्याची दारू सोडव!"

चहाच्या वेळी मी विचारलं, "मावशी, देवाला पत्ता कशाला?"

"अहो काका, त्याच्या नावाची माणसं लई हायत. चुकून दुसऱ्याचीच सुटायची!"

आठवड्यानं पाहिलं तर त्याची दारू काही सुटली नव्हती. त्याच्या बायकोचं मान वर करून नळावर येणं तेवढं सुटलं होतं.

•

प्रार्थनेत मधे बोलायचं नसतं, हे मावशींना चांगलं ठाऊक आहे. एका गुरुवारी त्यांनी सुरू केलं, "हे दयाळू पित्या, तू सगळं पाहतोस. तुझ्या एका लेकीनं पुलावासाठी माझं मोठं पातेलं नेलंय. तिला आठवण दे."

ती लेक म्हणजे एस्तेरबाई, त्यांच्याच शेजारी बसलेली. मावशींचं आमेन व्हायच्या आत तिनं डोळे घट्ट मिटून हात जोडले. "हे पित्या, पातेलं मी कवाच परत दिलंय, तू साक्षी हायस. तुझ्या म्हाताऱ्या दासीच्या डोक्याला स्पर्श कर!"

"हे पित्या, झाकण नाय दिलं!"

"हे पित्या, झाकण नव्हतंच!"

दोघींचे डोळे मिटलेले आणि दोघींच्या गालांवरून पाणी वाहतंय. नवी माणसं म्हणत होती, केवढा हा आत्म्याचा स्पर्श! पास्टर मोठ्यानं आमेन म्हणाले म्हणून देव सुटला.

•

शांतवनराव शाळेत क्लार्क होते. आता रिटायर आहेत. त्यांनी रूथच्या हातासाठी प्रार्थना केली. हाड जुळव, शिरा मोकळ्या कर, सूज उतरव! डॉक्टरनं सांगितलं नसेल तेवढं त्यांनी देवाला समजावून सांगितलं. सगळे हालेलूया म्हणाले. रूथ आत एका हातानं चहा गाळत होती.

मी हळू बोलतो, त्यामुळं माझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी थांबत नाही. त्या दिवशी मीच थांबलो नाही. म्हणालो, "शांतवनराव, तिच्या हाताचं मागितलं, चांगलं केलं. ज्या हातानं मोडला त्याचंबी काही मागा."

शांतवनराव म्हणाले, "काका, तो घरगुती मामला आहे. तो प्रार्थनेत आणायचा नसतो."

प्लास्टर मंडळीचं, मार घरगुती!

•

मग पास्टर मला एकट्याला भेटायला आले. वयानं लहान आहेत, माझ्या मुलासारखे. क्षमेवर लई छान बोलले. आपल्याला क्षमा पाहिजे तर आपणही केली पाहिजे, मनात काही ठेवायचं नाही, मुलीला समजवा. माझे डोळे भरून आले. शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, खरंच मोठं आहे. सांगणारा कुणीही असला तरी ते आत उतरतं.

डोळे पुसून मी विचारलं, "त्या पलीकडच्या मंडळीच्या पास्टरांशी आता बोलणं झालं का तुमचं?" त्या पास्टरांनी आमचा कीबोर्ड वाजवणारा पळवला, तेव्हापासून दोघं रस्त्यात भेटले तरी एकमेकांना सलाम करत नाहीत.

"काका," ते उठत म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."

•

रूथ हे नाव तिच्या आईनं ठेवलं. शास्त्रातली रूथ सासूला सोडून गेली नाही, म्हणून. आता तेच नाव लेकीच्या अंगावर आलं. एका गुरुवारी मार्थामावशी सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "नाव काय आणि वागणं काय! त्या रूथनं शेवटपर्यंत सासू सोडली नाय."

रूथनं कपांचा ट्रे खाली ठेवला. "व्हय मावशी. पण तिचा नवरा आधी मेला व्हता."

त्या दिवशी चहा कुणीच दुसऱ्यांदा मागितला नाही.

रात्री जेवताना मात्र ती म्हणाली, "अण्णा, मी जाऊ का परत? तुम्हाला लोक बोलतात."

मी म्हणालो, "लोक चहा प्यायला येतात. पिऊन जातील. तू भाकरी खा."

मला मोठ्यानं प्रार्थना जमत नाही. चहाचं आधण ठेवलं की तेवढ्यात जे म्हणायचं ते मनात म्हणतो. त्या काळात आधण लई वेळा आटलं.

•

प्लास्टर निघाल्यावर रूथ वाळूजच्या एका कंपनीत लागली. सेकंड शिफ्ट मिळाली. पगारापेक्षा तिला गळ्यातल्या आयकार्डाचं कौतुक जास्त. त्याच्यावर फक्त तिचं नाव आहे.

आणि मग एका गुरुवारी जावई आला. पांढरा शर्ट, हातात नवंकोरं शास्त्र, त्याच्या कव्हरची चेनसुद्धा अजून सरकत नव्हती. उभा राहून त्यानं साक्ष दिली. "प्रभूनं मला पूर्ण बदललंय. माझा राग गेला."

मार्थामावशी गहिवरल्या. "कधी बदललं रे बाळा?"

"परवा."

खोलीभर हालेलूया! मावशींनी आत जाऊन स्वतःच्या हातानं रूथची बॅग भरली आणि दारात आणून ठेवली. रूथ बाहेर आली ती कंपनीच्या ड्रेसवर.

"आज सुट्टी टाक गं," मावशी म्हणाल्या. "नवरा न्यायला आलाय."

रूथ दाराजवळ माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली. जावई पुढं बसला होता. मान वळवून तो तिच्याकडं बघून हसला. तिनं डावा हात ओढणीखाली घेतला.

पास्टर म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा." सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत.

"हे प्रभू, ही तुझी लेक वाट चुकलीय. तिला उठव!"

"आमेन!" जावई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. रूथनं माझ्याकडं पाहिलं. मी गुडघे आवळून बाजूला सरलो.

"तिचं पाऊल तू धर, प्रभू! जिथं तिची खरी जागा आहे तिथं तिला सुखरूप पोचव!"

"आमेन! आमेन!"

प्रार्थना बराच वेळ चालली. सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा बॅग दारात होती, जावई गुडघ्यांवर होता आणि माझ्या शेजारची फरशी रिकामी होती.

"काका," पास्टर इकडं तिकडं बघत म्हणाले, "रूथ कुठं गेली?"

"तुमची प्रार्थना ऐकली, पास्टर," मी म्हणालो. "सेकंड शिफ्टची बस आज टाइमावर आली."